सोलापूरजवळ फिरायला जाताय? मग आम्ही केल्या त्या चुका टाळा

मागच्या मे महिन्यात ताई-दाजी पुण्याहून आले आणि बूट काढायच्या आधीच दाजींनी मोबाईलवर रील दाखवलं, नळदुर्गचा नर-मादी धबधबा, पाणी नुसतं धो धो कोसळतंय, म्हणे उद्या इथं जायचं. मे महिन्यात तिथं काय असणार ते मला माहिती होतं, पण पाव्हण्यांना नाही कसं म्हणायचं म्हणून गप बसलो, म्हणजे पहिली चूक माझीच. हैदराबाद रोडनं 50 किलोमीटर गेलो, डोक्यावर 43 चं ऊन, किल्ल्यात ही एवढी पायपीट, आणि समोर बघतो तर भिंत कोरडी ठाक, खाली हिरवं डबकं. दाजी म्हणतात, "धबधबा बंद केलाय का?"

तर हे नीट समजून घ्या. हा डोंगरातला धबधबा नाही, किल्ल्याला लागून बोरी नदीवर आदिलशाहीत बांधलेला बंधारा आहे, नदी भरून वाहायला लागली की त्याच्यावरून दोन धारा पडतात, एक नर एक मादी. वरचं बोरी धरण भरून सांडव्यातून पाणी सुटलं तरच ही मजा, आणि आपल्याकडं पाऊस असला बेभरवशाचा की खरा जोर कधी कधी सप्टेंबरातच येतो, दुष्काळी वर्षात तर सगळा पावसाळा कोरडा. त्यामुळं रीलची तारीख बघू नका, धरण भरल्याची बातमी बघा. पाणी नसलं तरी त्या भिंतीच्या पोटातला पाणीमहाल बघण्यासारखा आहेच, फक्त सकाळी लवकर जा आणि धबधबा हा शब्द घरातून निघताना तोंडातून काढू नका.

दुसरी फसगत विजापूरची. आपल्याइथनं 100 किलोमीटर, गोलघुमट बघायला सगळे जातात ते रविवारी, जेवण करून, रमतगमत. मग अरुंद जिने चढून धापा टाकत वर गॅलरीत पोचलं की दोनशे पोरं एकाच वेळी शिट्ट्या मारत असतात, ओरडत असतात, आणि एक आवाज सात-सातदा घुमतो म्हटल्यावर तिथं काय होत असेल विचार करा. भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की समोरच्या टोकाला ऐकू येतं हे खरं आहे, पण त्यासाठी शांतता पाहिजे ना. मी एकदा मधल्या वारी सकाळी दार उघडल्या उघडल्या गेलो होतो, बायको पलीकडं उभी होती, तिनं हळू आवाजात विचारलं की गॅस बंद केला होता का. स्पष्ट ऐकू आलं. ऐकू आलं नसतं तर बरं झालं असतं. 😅

नान्नजला माळढोक बघायला जाणाऱ्यांना एकच सांगतो, माळढोक दिसेल हे डोक्यातून काढून टाका. अभयारण्य 1979 चं आहे, पण पक्षी आता नावालाच उरलेत, देशातले बहुतेक माळढोक राजस्थानात आहेत. माळरान बघायला जा, काळवीट हमखास दिसतात, नशीब असेल तर लांडगा पण. पांढरेफेक कपडे घालून आणि गाडीत गाणी लावून गेलात तर काळवीट पण नाही दिसणार.

आणि ते एका दिवसात अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूर उरकायचं खूळ! तिन्ही गावं तीन दिशांना, प्रत्येक वेळी परत सोलापुरातच यावं लागतं, 300 च्या वर किलोमीटर होतात. त्यात गुरुवारी अक्कलकोट नाहीतर मंगळवारी तुळजापूर धरलं तर दिवस रांगेतच संपतो. एक दिवस एक देव, बास.

आता उलटी चूक. हत्तरसंग कुडलला लोकं भीमा-सीनेचा संगम बघतात, 359 मुखांच्या शिवलिंगासोबत सेल्फी काढतात आणि निघतात, मग म्हणतात काय विशेष नाही बुवा. अरे, संगमेश्वराच्या देवळात मान वर करून बघितलं का? तुळईवर शके 940 चा, म्हणजे इसवी सन 1018 चा शिलालेख आहे, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी, आपल्या सोलापूरच्याच आनंद कुंभारांनी उजेडात आणलेला. जो हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ आहे. टॉर्च घेऊन जा, अंधारात अक्षरं लागत नाहीत.

दाजी परत यायचं म्हणतायत, जुलैमध्येच. मी सांगितलंय, तिकीट काढू नका, बोरी धरण भरलं की मीच फोन करतो.