जुनी सायकल: आधी साखळी मोजा, रंगाचं नंतर

जुनी सायकल घरी आली की पहिला मोह रंगाचा. तो आवरा. शिवणकामाची टेप घ्या, साखळी ताणून एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा आणि तिथून पुढची 24वी पिन बघा. नवी साखळी बरोबर 12 इंच भरते. इंचाचा सोळावा भाग जरी जास्त निघाली तरी बदलून टाका, नाहीतर ती फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चक्राचे, दातही खाते आणि खर्च दुप्पट होतो.

मग पुढचं चाक उचलून फिरवा. खरखर लागली तर हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, उघडा, छर्रे डिझेलमध्ये धुवा, नवं ग्रीस भरा. खाली परात ठेवा. माझा एक छर्रा मोरीत गेला तो गेलाच. एखाद्यावर खड्डा दिसला तर सगळा संच नवा घाला, जुने-नवे मिसळू नका.

आपल्या सोलापुरात एप्रिल-मेच्या उन्हानं टायरच्या बाजू तडकतात, तेव्हा गाडी सावलीतच लावा. सीट कव्हर मात्र विकत आणू नका. विरलेल्या सोलापुरी चादरीचा तुकडा दुहेरी करून कडेला नाडी ओवली की झालं. माझ्या सीटवर मोर आहे, निम्माच, पण आहे.