जुन्या लॅपटॉपवर घरचं क्लाउड, खाऱ्या वाऱ्यात टिकेल असं

गुहागरच्या आमच्या घरातल्या फोटोंचा सगळा पसारा आता माजघरातल्या एका जुन्या लॅपटॉपवर आहे. आई गावातून फोटो टाकते, भाऊ डोंबिवलीत बसून बघतो, महिन्याचं भाडं कोणालाच जात नाही. हे जमायला इंजिनियर असावं लागत नाही. दोन रविवार आणि काळ्या पडद्यावर चार ओळी टाइप करायची तयारी असली की झालं.

आधी मशीन. बरेच जण रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा, मेमरी कार्डावर चालणारा कॉम्प्युटर सुचवतात. मीही तोच घेतला होता. पण आमच्याकडे पावसात लाईट कधी जाईल याचा नेम नाही, आणि काही लिहिलं जात असतानाच ती गेली की मेमरी कार्ड बिघडू शकतं. माझं दुसऱ्याच पावसाळ्यात गेलं. जुन्या लॅपटॉपची बॅटरी म्हणजे फुकटचा यूपीएस. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर उत्तम. बॅटरी फुगली असेल तर मात्र तो लॅपटॉप लावू नका. हे मशीन बारा महिने चार्जरलाच राहणार, म्हणून बायोसमध्ये (लॅपटॉप चालू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करा. राउटर इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर लॅपटॉप जागा आणि इंटरनेट झोपलेलं.

जागा निवडताना पडवी नको. खाऱ्या वाऱ्याने यूएसबीच्या तोंडावर हिरवट थर धरतो. ओल न येणारी आतली भिंत, जमिनीपासून वर फळी, हवा खेळती. प्लास्टिकात गुंडाळू नका, आत दमट हवा कोंडते. विजा कडकडायला लागल्या की चार्जर आणि राउटरकडून येणारी लॅनची वायर, दोन्ही काढायची. फायबर काचेचा असल्याने त्यातून वीज येत नाही, पण राउटरचा अडॅप्टर आणि तांब्याची वायर तिला वाट देतात.

लॅपटॉपवर विंडोजच्या जागी डेबियन किंवा उबुंटू सर्व्हर ही फुकटची लिनक्स सिस्टिम टाका. झाकण मिटलं तरी मशीन झोपू नये, ही सेटिंग आठवणीने बदला. राउटरमध्ये त्याचा घरच्या नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) कायमचा ठरवून द्या. मग डॉकर, म्हणजे प्रत्येक अ‍ॅप आपापल्या डब्यात (कंटेनरमध्ये) चालवणारा प्रोग्रॅम, त्याच्या अधिकृत सूचनांप्रमाणे.

डॉकरचं गणित गणपतीच्या शाळेत गेलेल्याला चटकन कळेल. इमेज म्हणजे साचा, कंटेनर म्हणजे त्यातून काढलेली मूर्ती. मूर्ती दरवर्षी नवी, पाट मात्र घरचाच. तसा कंटेनर कधीही मोडा आणि नवा काढा, पण फोटो आणि डेटाबेस कंटेनरच्या बाहेर, तुमच्या डिस्कवरच्या फोल्डरमध्ये हवेत. हे एकच चुकलं तर कंटेनरबरोबर फोटोंचंही विसर्जन.

फोटोंसाठी मी इमिच हे गूगल फोटोजसारखं, पण आपल्याच मशीनवर चालणारं अ‍ॅप वापरतो. त्याच्या अधिकृत सूचनांमध्ये दोन तयार फाइली मिळतात: एक कंपोजची (डॉकरने कुठले कंटेनर उभे करायचे त्याची यादी), एक सेटिंगची. सेटिंगच्या फाइलमध्ये फोटोंचं फोल्डर, डेटाबेसचं फोल्डर आणि डेटाबेसचा पासवर्ड एवढंच बदला. डेटाबेस लॅपटॉपच्याच डिस्कवर ठेवा, नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये नको. कंपोजचा ‘अप’ हुकूम दिला की सगळे कंटेनर उभे राहतात, आणि मशीन बंद होऊन परत चालू झालं तरी आपणहून उठतात. घरातल्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा पत्ता आणि त्यापुढे २२८३ हा पोर्ट, म्हणजे दाराचा नंबर, टाका. पहिलं खातं उघडणारा अ‍ॅडमिन होतो, तेव्हा ते काम भाच्यावर सोडू नका.

बाहेरून बघायचं तर राउटरचा पोर्ट उघडायच्या भानगडीत पडू नका. बऱ्याचदा तो उघडून उपयोगही नसतो. राउटरवर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीने एकच पत्ता अनेक घरांत वाटलाय. टेलस्केल हे आपली मशीनं खासगी नेटवर्कमध्ये जोडणारं अ‍ॅप अशाही जोडणीवर चालतं. लॅपटॉपवर आणि प्रत्येकाच्या फोनवर ते टाका, फोन जणू घरच्याच वायफायवर येतात. आईच्या फोनवर ते मीच लावून दिलं.

इमिचची नवी आवृत्ती आली की आधी तिची माहिती वाचा, मग चढवा. चतुर्थीच्या आठवड्यात तर अजिबात हात लावू नका. घर माणसांनी भरलेलं असतं आणि प्रत्येकाला आरतीचे फोटो हवे असतात.

राहिला बॅकअप. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. तेवढी कुठली बॅटरी पुरत नाही, आणि छप्परच उडालं तर फळीवरच्या लॅपटॉपचं काय? म्हणून एक प्रत घरापासून लांब हवी. आमच्याकडे दोन पोर्टेबल डिस्क आहेत. गणपतीला आलेला भाऊ ताजी भरलेली डिस्क डोंबिवलीला नेतो, शिमग्याला ती परत आणतो आणि दुसरी नेतो. इमिच डेटाबेसची प्रत रोज आपणहून काढतं, पण त्या प्रतीत फोटो नसतात, म्हणून फोटोंचं अख्खं फोल्डर कॉपी करायचं. नेण्याआधी चार फोटो डिस्कवरून उघडून बघायचे. एसटीत पिशवी विसरली जाते, म्हणून डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डशिवाय न वाचता येणारी, आणि पासवर्ड कागदावर लिहून घरीच. तो कागद कुठे आहे ते फक्त आईला माहीत आहे, मला विचारून उपयोग नाही.