गारठ्यात बायोडिझेल वापरण्याजोगे ठेवण्यासाठी

डिसेंबर-जानेवारीत गव्हाच्या ओलितासाठी पहाटे लावलेले इंजिन थोड्याच वेळात बंद पडले, की बहुतेक जण नोझल खोलायला बसतात. बायोडिझेल, म्हणजे खाद्यतेलासारख्या तेलापासून बनवलेले डिझेलसारखे इंधन, वापरणाऱ्याने मात्र आधी फिल्टर पाहावा. गारठ्यात बायोडिझेलमधील संपृक्त (थंडीत लवकर गोठणाऱ्या) घटकांचे मेणासारखे बारीक स्फटिक बनतात, आणि वरून इंधन पातळ दिसत असले तरी ते स्फटिक फिल्टरच्या कागदात साचून इंधनाची वाट अडवतात.

हे किती अंशांना घडेल, ते मूळ तेलावर ठरते. सोयाबीन तेलाचे बायोडिझेल साधारण ० अंशाच्या आसपास धुरकट होऊ लागते, पामतेलाचे मात्र १३ ते १६ अंशांनाच. उपाहारगृहांतून गोळा केलेल्या तळणाच्या तेलात पामोलिन (पामतेलाचाच पातळ भाग) बरेच असू शकते, म्हणून तशा इंधनावर आपल्याकडच्या हिवाळ्यातही डोळे झाकून विसंबू नये. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, आणि गोंदिया-भंडाऱ्याकडे १० अंशांखालच्या रात्री नवलाच्या नाहीत.

यासाठी प्रत्येक नव्या ड्रममधील इंधनाची परीक्षा घरीच घ्यावी. पारदर्शक काचेच्या कोरड्या बाटलीत थोडे इंधन घेऊन त्यात तापमापी सोडावी, बाटली बर्फाच्या पाण्यात उभी करावी आणि हळूहळू ढवळत राहून पहिला धूसरपणा कोणत्या अंशाला दिसतो, ते ड्रमवरच लिहून ठेवावे. तो अंश आपल्या शिवारातील पहाटेच्या तापमानापेक्षा चांगला खाली नसेल, तर ते इंधन निव्वळ वापरू नये. त्यात साधे डिझेल मिसळून बायोडिझेलचा वाटा २० टक्के किंवा त्याहून कमी ठेवावा आणि मिश्रणाचीही तशीच परीक्षा घ्यावी. मिसळण्याचे काम दुपारी, दोन्ही इंधने कोमट असताना करावे. बायोडिझेल जड असल्याने डिझेल आधी आणि बायोडिझेल त्यावर ओतावे, नाहीतर ते तळाशीच बसून राहते. रॉकेल मिसळण्याच्या फंदात पडू नये. रेशनचे रॉकेल इंधनात घालणे बेकायदा आहे.

ड्रम उघड्यावर न ठेवता छपराखाली, लाकडी फळ्यांवर ठेवावा. बायोडिझेल डिझेलपेक्षा अधिक ओलावा शोषते, म्हणून टाकी संध्याकाळीच भरून ठेवावी आणि तळाचे पाणी वेळोवेळी काढावे. साठा सहा महिन्यांपेक्षा जुना होऊ देऊ नये. पावसाळ्याआधी भरलेला ड्रम हिवाळ्यासाठी राखून ठेवणे मला मुळीच पटत नाही.

एवढे करूनही फिल्टर तुंबलाच, तर शेकोटी किंवा टेंभा जवळ आणू नये. फिल्टरभोवती कापड गुंडाळून त्यावर गरम पाणी सोडावे किंवा ऊन चढेपर्यंत थांबावे. इंधन कोमट झाल्यावरही तळाशी पांढरा गाळ उरला, तर तो केवळ थंडीचा परिणाम नसून इंधन नीट शुद्ध न झाल्याची खूण असू शकते. असे इंधन वरच्यावर निथळून, बारीक जाळीतून गाळल्याखेरीज इंजिनात घालू नये, आणि फिल्टर नवा बसवावा.