पाचवीचा प्रकल्प: विषय नको, प्रश्न द्या

शाळा उघडली की तालुक्याच्या गावातल्या स्टेशनरीच्या दुकानांत ‘प्रकल्प’ विकायला येतात. पक्षी, वाहने, थोर नेते, पाणी वाचवा. चित्रांचा तक्ता आणायचा, कापायचा, डिंकाने चिकटवायचा आणि खाली आईच्या नाहीतर ताईच्या वळणदार अक्षरात दहा ओळी. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर वर्गातच चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, आठ साधनांत प्रकल्प २०१० पासून आहे आणि तो असावाच. पण अशी वही तपासताना मुलाने काय वाचलं, हे काही केल्या कळत नाही. आईचं अक्षर चांगलं आहे, एवढं कळतं.

मी जळगाव जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवते. पुढची पद्धत माझ्या वर्गातली आहे. थोडा फेरफार केला तर चौथीला आणि सहावीलाही चालते. एकच प्रकल्प उदाहरणाला घेते, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही.

प्रश्न कसा निवडायचा

‘पक्षी’ हा विषय दिला की मूल मोराचं चित्र चिकटवणारच. त्याऐवजी मी विचारते: सुगरणीचा खोपा कोण विणतं, नर की मादी? आणि हे कशावरून म्हणता?

हा प्रश्न आमच्याकडे आपोआप तयार होतो. बहिणाबाईंचं आसोदे गाव जळगावच्या शेजारचं. त्यांची खोप्याची कविता इथल्या मुलांना घरूनच पाठ असते. कवितेत खोपा ‘ती’ विणते, पिलांसाठी झाडाला झोका ‘ती’ टांगते. पक्ष्यांचं कुठलंही बरं पुस्तक उघडा, विणकाम नराचं आहे. दोन लिहिलेल्या गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत म्हटल्यावर दहा वर्षांचं पोर सरसावून बसतं.

तुमच्या गावात दुसरा प्रश्न निघेल. तो पुढच्या कसोट्यांवर घासून बघा. उत्तर चार-पाच वाक्यांत मावलं पाहिजे. त्यासाठी एक तरी वाचायची गोष्ट, एक तरी बघायची गोष्ट आणि विचारायला एक तरी माणूस गावातच मिळाला पाहिजे. आणि ‘कशावरून’ला जागा पाहिजे. ‘भारताचा राष्ट्रीय पक्षी कोणता’ हा प्रश्न या कामाचा नाही, तो एका ओळीत संपतो.

वाचायला काय द्यायचं

पुस्तकं कमी आहेत ही तक्रार खरी आहे, पण प्रकल्पाला ढीगभर पुस्तकं लागत नाहीत. तीन तुकडे पुरतात. आमचे तीन असे: कविता, पक्ष्यांवरच्या पुस्तकातलं एक पान आणि एखाद्या बालमासिकातला लेख. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मराठी विश्वकोशाचे २० खंडही तसेच खुले आहेत. मात्र विश्वकोशाची भाषा मोठ्यांची आहे. अख्खी नोंद मुलांसमोर टाकू नका. आपल्या प्रश्नापुरत्या आठ-दहा ओळी मोठ्या अक्षरात हाताने लिहून काढा आणि ‘विणीचा हंगाम’सारखे चार-पाच अवघड शब्द फळ्यावर आधीच सोडवून घ्या. त्या ओळी सोप्या करून मात्र लिहू नका. अवघड वाक्य फोडायला मुलांनी कधीतरी शिकायचंच आहे.

पहिलं वाचन माझं, मोठ्याने, मुलांनी नुसतं ऐकायचं. दुसरं जोडीने, हातात पेन्सिल घेऊन. कळलं तिथे बरोबरची खूण, अडलं तिथे प्रश्नचिन्ह, आश्चर्य वाटलं तिथे उद्गारचिन्ह. तिसऱ्या वाचनात फक्त आपल्या प्रश्नाचं उत्तर हुडकायचं, बाकी मजकूर कितीही गमतीचा असला तरी सोडून द्यायचा. हे शेवटचं मुलांना फार जड जातं. सुगरणीची अंडी किती, रंग कुठला, सगळंच त्यांना लिहायचं असतं. अडखळत वाचणाऱ्या मुलाची जोडी चांगल्या वाचणाऱ्याशी लावा, पण पेन्सिल अडखळणाऱ्याच्या हातात द्या. नाहीतर तो नुसता शेजारी बसून राहतो.

चिठ्ठ्या

सगळ्या पद्धतीचा जीव इथे आहे, म्हणून इथे घाई नको.

पाठकोऱ्या कागदाचे चार-चार तुकडे करून ठेवा. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. चिठ्ठी लिहिताना पुस्तक मिटलेलं पाहिजे. पुन्हा बघायचं असेल तर पेन्सिल खाली ठेवायची, पुस्तक उघडायचं, वाचायचं, मिटायचं आणि मग लिहायचं. या एका नियमाने उतरवून काढणं बंद होतं. पुस्तकात समजा असं वाक्य आहे: ‘घरटे अर्धवट तयार झाल्यावर मादी त्याची पाहणी करते व पसंत पडल्यास नर ते पूर्ण करतो.’ मुलाच्या चिठ्ठीवर ते असं येतं: ‘नर अर्धा खोपा करतो. मादी बघायला येते. आवडला तर तो पुरा करतो, नाही आवडला तर तसाच राहतो.’ शुद्धलेखनाच्या दोन चुका असतील, असू देत. वाक्य त्याचं आहे. चिठ्ठीवर मी लाल पेन लावत नाही.

चिठ्ठीच्या मागे आणखी एक शब्द लिहायचा: वाचलं, बघितलं किंवा ऐकलं. वाचलं असेल तर कुठल्या पुस्तकात, कितव्या पानावर. ऐकलं असेल तर कोणाकडून. घरच्या मोबाइलला बोलून विचारलं असेल तर तेही चालेल, पण ‘गूगलने सांगितलं’ एवढं चालणार नाही. कुठल्या पानावर होतं ते लिहा आणि तीच गोष्ट दुसरीकडे कुठे सापडते का ते बघा. नाही सापडली तर चिठ्ठीवर प्रश्नचिन्ह.

बघायला जाणं

सुगरणी पावसाळ्यात विणतात, म्हणून हा प्रकल्प जुलै-ऑगस्टचा. खोपे बहुतेक बाभळीवर, विहिरीवर किंवा नाल्यावर झुकलेल्या फांद्यांना. म्हणजे जागाच धोक्याची. मुलांना एकटं पाठवू नका. वर्ग घेऊन जा, विहिरीपासून लांब बांधावर उभं राहा, सोबत शेतमालक असू द्या. खोप्याला हात लावायचा नाही, दगड मारायचा नाही, हे निघण्याआधी दोनदा सांगा.

काय बघायचं तेही आधी ठरवा, नाहीतर सहल होते. आमचे दोनच मुद्दे असतात. पात्यांची धाग्यासारखी चीर चोचीत घेऊन येणाऱ्याचं डोकं पिवळं आहे का? विणीच्या दिवसांत नराचं डोकं आणि छाती पिवळी होते, मादी चिमणीसारखी मातकट दिसते, त्यामुळे उत्तर डोळ्यांसमोर उडत असतं. आणि खाली नळी असलेले पुरे खोपे किती, टोपीसारखे अर्धे सोडलेले किती? दिवाळीनंतर वाऱ्याने पडलेला रिकामा खोपा मिळाला तर वर्गात आणावा. आतल्या भिंतीला चिखलाचे गोळे लागलेले सापडतात. यावरून पुढचा भाग रंगतो.

माणसांना विचारणं

आजोबा हमखास सांगतात की त्या चिखलात सुगरण काजवे चिकटवते, रात्री उजेडासाठी. कोणी सांगतं, खोपे कुठल्या बाजूला टांगलेत त्यावरून पाऊस कळतो. मुलं हे धावत येऊन सांगतात आणि मग माझ्याकडे बघतात, मॅडम, खरं का? मी हो किंवा नाही म्हणत नाही. चिठ्ठीवर ‘ऐकलं, आजोबा’ लिहायला लावते आणि विचारते, आजोबांनी काजवा स्वतः बघितला की त्यांनाही कोणी सांगितलं? पोर दुसऱ्या दिवशी ते विचारून येतं. आजोबांना खोटं पाडायला जायचं नाही, हेही बजावून ठेवा. घरी भांडण नको.

कवितेचं काय करायचं

चिठ्ठ्या जमिनीवर मांडल्या की वाद सुरू होतोच: मग बहिणाबाईंना माहीत नव्हतं? हा वाद एक अख्खी तासिका चालू द्या. मुलं पुन्हा पुस्तकाकडे जातात आणि त्यांना सापडतं की अंडी मादी उबवते, आणि एक खोपा झाला की नर दुसरा विणायला घेतो. मग कोणीतरी म्हणतं की कविता आईवर आहे. कोणी म्हणतं, असली तरी खोपा त्यानेच विणला. दोन्ही चिठ्ठ्या राहू देत, मी निकाल देत नाही.

लिहिणं आणि गुण

शेवटी एकच पान. वर प्रश्न, खाली चार-पाच वाक्यांत उत्तर, प्रत्येक वाक्यापुढे कंसात वाचलं-बघितलं-ऐकलं, स्वतः काढलेलं आणि भागांची नावं दिलेलं खोप्याचं चित्र, आणि तळाला ‘मला अजून कळलं नाही’ ही एक ओळ. ती ओळ रिकामी असेल तर पान परत. मग दोन मिनिटं उभं राहून सांगायचं आणि वर्गातल्या एकाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. पान आईने लिहिलं असेल तर ते या एका प्रश्नात उघडं पडतं, वेगळी चौकशी करावी लागत नाही.

गुण देताना मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा आधी बघते, पान नंतर. स्केचपेनच्या महिरपीला गुण नाहीत, हे पहिल्याच दिवशी सांगितलेलं बरं.

पालकांच्या ग्रुपवर मी टाकते तो निरोप असा: ‘नमस्कार. मुलांच्या प्रकल्पासाठी काहीही विकत आणू नये, प्रिंट काढू नये, लिहून देऊ नये. रोज पाच मिनिटं त्याच्या चिठ्ठ्या ऐकाव्यात आणि प्रत्येक चिठ्ठीला “कशावरून?” एवढंच विचारावं.’ ज्यांना वाचता येत नाही त्या पालकांनाही हे जमतं. उलट तेच जास्त मन लावून ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

सगळं मिळून दोन आठवडे लागतात, भाषा आणि परिसर अभ्यासाच्या तासिका एकत्र केल्या तर. वर्षात असे दोनच घ्या. पावसाळ्यात सुगरण झाली की हिवाळ्यात आम्ही ‘आपल्या गावातली कुठली विहीर आधी आटते आणि का’ हे घेतो. त्याला पुस्तक कमी आणि आजोबा जास्त लागतात, शिवाय दोरीला दगड बांधून पाणी मोजायला मोठा माणूस सोबत हवाच.