सोसायटीत सिगारेटच्या धुरावरून भांडण चाललंय? मग हे करून बघा

आमच्याकडे चौथ्या मजल्यावरच्या आजींना दमा आहे आणि दुसऱ्या मजल्यावरचे एक काका जिन्यातल्या खिडकीपाशी उभे राहून सिगारेट ओढायचे. घरात तान्हा नातू आहे म्हणून बाहेर यायचे, म्हणजे त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण जिना म्हणजे धुराडंच असतं, खाली ओढली की धूर वर चढतो. आजी दाराच्या फटीला ओला टॉवेल लावून बसायच्या, मी स्वतः बघितलंय आणि खूप वाईट वाटलं होतं.

पहिलं म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काही टाकू नका. तिथे टाकलं की समोरचा माणूस चारचौघांत अपमान झाला म्हणून हट्टाला पेटतो. घरी जा, चहा घ्या आणि फक्त धुराबद्दल बोला. "काका, धूर वर आजींकडे जातोय, त्यांना रात्री झोप लागत नाही" एवढंच. फुफ्फुसांवर भाषण नको, ते त्यांनी घरच्यांकडून शंभरदा ऐकलेलं असतं.

मग जागा द्या. हे बहुतेक सोसायट्या करतच नाहीत, नुसतं "इथे नको, तिथे नको" म्हणतात आणि मग माणूस लपून डक्टच्या खिडकीत ओढतो, ते तर जास्तच वाईट. उघड्यावरचा कोपरा शोधा, खिडक्यांपासून लांब, गाड्या आणि मीटर बॉक्सपासूनही लांब. संध्याकाळी तिथे एक उदबत्ती लावून बघा धूर कुठे जातो ते. आम्ही आधी पार्किंगमागची जागा ठरवली होती, उदबत्ती लावली तर धूर सरळ पहिल्या मजल्याच्या स्वयंपाकघरात, मग मागच्या गेटजवळचा कोपरा घेतला. वर पत्रा टाका, नाहीतर पाऊस सुरू झाला की सगळे परत जिन्यात. आणि वाळू भरलेला एक डबा ठेवा, कारण थोटकातला फिल्टर प्लास्टिकचा असतो, तो लवकर कुजत नाही. वॉचमन आणि ड्रायव्हर लोकांनाही तीच जागा सांगा, बिडी ओढणाऱ्याला वेगळा नियम नको.

कायद्याचं म्हणाल तर 2 ऑक्टोबर 2008 पासूनच्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान केलं तर 200 रुपयांपर्यंत दंड होतो. ऑफिस, हॉटेल, मॉल, बसस्टॉप सगळं त्यात येतं. स्वतंत्र स्मोकिंग रूम ठेवायची परवानगी फक्त विमानतळ, 30 किंवा जास्त खोल्यांची हॉटेलं आणि 30 किंवा जास्त लोक बसू शकतील अशी रेस्टॉरंट्स यांनाच आहे. धूम्रपानबंदीचा बोर्ड कमीत कमी 60 बाय 30 सेंटीमीटरचा, पांढऱ्या रंगावर, प्रत्येक मजल्यावर, जिन्यात आणि लिफ्टच्या दाराशी लावायचा, आणि तक्रार कोणाकडे करायची त्या माणसाचं नाव त्यावर लिहायचं. सोसायटीत पण याच मापाचा बोर्ड लावा आणि जिना, लिफ्ट, लॉबीसाठी सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या, म्हणजे "हे कुठे लिहिलंय" हा प्रश्नच येत नाही. सेक्रेटरीने स्वतः उठून 200 रुपये वसूल करायला जाऊ नये, तो अधिकार नेमलेल्या अधिकाऱ्यांचा आहे.

बाल्कनी मात्र अवघड आहे, ते ज्याचं त्याचं घर. तिथे विनंतीच करावी लागते, आणि वेळ ठरवून घेतलेली बरी, आमच्याकडे वरच्यांनी सांगितलं की रात्री साडेनऊला बाळ झोपतं, तेव्हा खिडकी उघडी असते, तेवढी वेळ टाळा, आणि खालच्यांनी ऐकलं. कोणाला सोडायचीच असेल तर 1800-112-356 ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, नंबर त्या पत्र्याखाली चिकटवून ठेवा.

आणि वाळूचा डबा कोण रिकामा करणार ते आधीच ठरवा. आमच्याकडे ओढणारेच पाळीने दर रविवारी करतात, झाडूवाल्या मावशींवर ते काम टाकलेलं नाही.