रक्तातला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस मोजायचाय? आधी ट्यूबचं झाकण बघा

ठाणे-नवी मुंबईच्या कॉलेजांत बायोकेमिस्ट्रीच्या प्रोजेक्टला हा विषय आवडीने घेतला जातो. मधुमेही, तंबाखू खाणारे किंवा एमआयडीसीतले कामगार असा एखादा गट आणि त्यांच्या रक्तातला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे घटक आणि त्यांना आवरणारे अँटिऑक्सिडंट यांचा बिघडलेला तोल. स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र), वॉटर बाथ आणि सेंट्रिफ्यूज (ट्यूब गरगर फिरवून घटक वेगळे करणारं यंत्र) एवढ्यावर भागतं, म्हणून काम सोपं वाटतं. पण बरेचसे आकडे क्युव्हेटपर्यंत, म्हणजे त्या यंत्रातल्या छोट्या पात्रापर्यंत, पोचण्याआधीच बिघडलेले असतात.

हा स्ट्रेस एका आकड्यात मावत नाही. निदान तीन गोष्टी मोजाव्या लागतात. प्लाझ्माची (पेशी वगळून उरणाऱ्या रक्तातल्या द्रवाची) एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता कळते फ्रॅप चाचणीतून (अँटिऑक्सिडंट लोखंडाचं रूप बदलतात, तेव्हा येणारा निळा रंग यात मोजतात), चरबीचं ऑक्सिडेशन होऊन झालेलं नुकसान टीबार्स चाचणीतून, आणि तांबड्या पेशींतला राखीव साठा ग्लुटाथायोनमधून, म्हणजे जीएसएचमधून.

रक्त घेताना

फ्रॅपसाठी हिरव्या झाकणाची हेपरिन ट्यूब किंवा साधं सीरम घ्या. जांभळ्या झाकणाची ईडीटीए ट्यूब इथे चालत नाही, कारण फ्रॅप लोखंडावरच चालते आणि ईडीटीए नेमकं लोखंडच पकडून ठेवतं. टीबार्सला मात्र तोच ईडीटीए उपयोगी पडतो. सुटं लोखंड बांधलं गेलं की ट्यूबमध्ये नवं ऑक्सिडेशन कमी होतं. जीएसएचसाठीही ईडीटीएचं अख्खं रक्त चालतं. म्हणजे एका माणसामागे दोन ट्यूब, हिरवी आणि जांभळी. कॅम्पमध्ये घाईघाईत सगळं रक्त जांभळ्या ट्यूबमध्ये भरलं, तर त्या दिवसाची फ्रॅप गेली.

रक्त सकाळी उपाशीपोटी घ्या. चहा, लिंबूपाणी, आवळा किंवा व्हिटॅमिन सीची गोळी पोटात असेल, तर फ्रॅप वर जाते. शेवटची विडी-सिगारेट कधी ओढली, आदल्या दिवशी जड व्यायाम झाला का, कुठली औषधं चालू आहेत, हे फॉर्मवर लिहून घ्या. एथिक्स कमिटीची परवानगी आणि मराठीतलं संमतिपत्र त्याआधीच हातात हवं.

सुई २१ किंवा २२ गेजची. सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढू नका. ट्यूब आठ-दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करा, खळखळ हलवू नका. पेशी फुटल्या की हिमोग्लोबिन प्लाझ्मात उतरतं. ते ५४० नॅनोमीटरच्या आसपास स्वतःच प्रकाश शोषतं, शिवाय त्यातलं लोखंड उकळताना चरबीचं ऑक्सिडेशन वाढवतं. टीबार्स दोन्हीकडून फुगते. प्लाझ्मा पांढऱ्या कागदासमोर धरून बघा. गुलाबी छटा दिसली तर तो नमुना बाजूला काढा, 'थोडंसंच आहे' म्हणून पुढे ढकलू नका.

कॅम्प ठाण्यात आणि लॅब नेरूळला असेल, तर अख्खं रक्त तसंच घेऊन निघू नका. कळवा-विटाव्याच्या ट्रॅफिकमध्ये तास कसा जातो ते सगळ्यांना माहीत आहे. छोटा सेंट्रिफ्यूज कॅम्पवरच न्या, अर्ध्या तासात प्लाझ्मा वेगळा करा आणि तो थर्मोकोलच्या डब्यात बर्फावर ठेवून आणा. फिरवायला १५०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या १५०० पट जोर), १० मिनिटं. नुसते आरपीएम लिहून भागत नाही. जी = ०.००००१११८ × रोटरची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये × आरपीएमचा वर्ग. त्रिज्या १५ सेंटिमीटर असेल तर ३००० आरपीएमला साधारण १५०० जी मिळतं. तेच १० सेंटिमीटरच्या छोट्या रोटरवर जेमतेम १००० भरतं. जीएसएचसाठीच्या अख्ख्या रक्ताची ट्यूब थेट बर्फाला टेकू देऊ नका, मध्ये कापडाची घडी ठेवा. रक्त गोठलं की पेशी फुटल्याच.

प्लाझ्माचे लगेच ०.५ मिलिलिटरचे भाग करा आणि उणे ८० अंशांत ठेवा. उणे २० वर टीबार्स हळूहळू चढत राहते. गोठवलेला भाग एकदाच वितळवा, दुसऱ्यांदा नाही. देखभालीसाठी वीज बंद असण्याचा दिवस आधी विचारून ठेवा आणि त्या दिवशी फ्रीझरचं दार उघडू नका.

फ्रॅप

तीन द्रावणं लागतात. अ‍ॅसिटेट बफर, ३०० मिलिमोलर, पीएच ३.६: ३.१ ग्रॅम सोडियम अ‍ॅसिटेट ट्रायहायड्रेट आणि १६ मिलिलिटर ग्लेशियल अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, पाण्याने १ लिटरपर्यंत. टीपीटीझेड (लोखंडाशी जुळून निळा रंग देणारं रसायन), १० मिलिमोलर: ३१.२ मिलिग्रॅम, १० मिलिलिटर ४० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये (तीव्र आम्ल ३.३ मिलिलिटर, एक लिटर पाण्यात). फेरिक क्लोराईड हेक्झाहायड्रेट, २० मिलिमोलर: ५४ मिलिग्रॅम, १० मिलिलिटर पाण्यात. ऐनवेळी १०:१:१ या प्रमाणात मिसळायचं. २४ ट्यूबसाठी ७० + ७ + ७ मिलिलिटर पुरतं. हे मिश्रण त्याच दिवशी संपवा.

पावसाळ्यात फेरिक क्लोराईड डोळ्यांदेखत पाणी ओढतं. बाटली उघडून कागदावर ठेवलीत आणि फोन घेतलात, की पिवळे खडे चिकट होऊन बसतात आणि वजनात निम्मं पाणी येतं. एसी चालू ठेवा, झटपट वजन करा, बाटली सिलिका जेलबरोबर बंद करा. चमचा प्लास्टिकचा हवा. काचेची भांडी १० टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडने आणि मग डिआयोनाइज्ड पाण्याने धुवा, कारण नळाच्या पाण्यातलं लोखंडही मोजलं जातं.

स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठीचं माहीत असलेल्या तीव्रतेचं द्रावण, फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेटचं. २७.८ मिलिग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात घेतलं की १००० मायक्रोमोलर होतं. त्यातून २००, ४००, ६००, ८०० करा. खडे फिकट हिरवे असायला हवेत. तपकिरी पूड चढलेली बाटली वापरली, तर स्टँडर्ड दुबळं पडतं आणि सगळ्या नमुन्यांची फ्रॅप खोटी वाढते.

३ मिलिलिटर मिश्रण ३७ अंशांवर गरम करा. त्यात १०० मायक्रोलिटर प्लाझ्मा आणि ३०० मायक्रोलिटर पाणी घाला, बरोबर ४ मिनिटांनी ५९३ नॅनोमीटरला वाचा. निळा रंग त्यानंतरही चढत राहतो, त्यामुळे वेळ पाळली नाही तर शेवटची ट्यूब पहिलीपेक्षा 'निरोगी' निघते. ट्यूब तीस-तीस सेकंदांच्या अंतराने सुरू करा. स्टँडर्डलाही हीच मापं. १००० मायक्रोमोलरचं स्टँडर्ड १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये, ब्लँक (नमुन्याऐवजी पाणी घातलेली ट्यूब) वजा करून, ०.६५ च्या आसपास यायला हवं. ०.४ आलं तर नमुने लावूच नका. टीपीटीझेड, स्टँडर्ड किंवा पिपेट यांपैकी काहीतरी चुकलंय. निरोगी माणसांत फ्रॅप साधारण ६०० ते १६०० मायक्रोमोलर असते.

टीबार्स

१५ ग्रॅम ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, ०.३७५ ग्रॅम थायोबार्बिट्युरिक अ‍ॅसिड आणि २.१ मिलिलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, पाण्याने १०० मिलिलिटर. थायोबार्बिट्युरिक अ‍ॅसिड थंड पाण्यात विरघळायला कुरकुर करतं, थोडं कोमट करा. १ मिलिलिटर प्लाझ्मा, २ मिलिलिटर हे द्रावण आणि ३० मायक्रोलिटर बीएचटी (ऑक्सिडेशन थांबवणारं रसायन, इथेनॉलमध्ये २ टक्के). बीएचटी विसरलात तर उकळतानाच नवीन एमडीए (मॅलॉनडायअल्डिहाइड, चरबीच्या ऑक्सिडेशनमधून निघणारा पदार्थ) तयार होतं आणि तेच मोजलं जातं.

उकळत्या पाण्यात १५ मिनिटं. स्क्रूच्या झाकणाच्या काचेच्या ट्यूब सगळ्यात बऱ्या. नसतील तर साध्या टेस्ट ट्यूबच्या तोंडावर काचेची गोटी ठेवा, म्हणजे वाफ परत खाली येते. प्लास्टिकच्या छोट्या ट्यूबची झाकणं उकळताना फटाफट उडतात आणि रंगीत थेंब बाथभर होतात. नंतर थंड करा, १००० जीवर १० मिनिटं फिरवा, वरचं पाणी ५३५ नॅनोमीटरला वाचा.

एमडीए (मायक्रोमोलर) = अ‍ॅबसॉर्बन्स (शोषलेल्या प्रकाशाचं रीडिंग) ÷ ०.१५६ × ३. म्हणजे प्लाझ्मात २ मायक्रोमोलर असेल तर रीडिंग येतं अवघं ०.१०. एवढ्याशा आकड्यात गढूळपणाही मोठा दिसतो. म्हणून दर नमुन्याला थायोबार्बिट्युरिक अ‍ॅसिड नसलेला त्याचाच ब्लँक लावा. वरचं पाणी गढूळ राहिलं तर एन-ब्युटेनॉलमध्ये काढून घ्या, गुलाबी रंग वरच्या थरात येतो. स्टँडर्डसाठी टेट्रामिथॉक्सीप्रोपेन: १६.५ मायक्रोलिटर १० मिलिलिटरमध्ये म्हणजे १० मिलिमोलर. त्यातून १ ते १० मायक्रोमोलर करा आणि नमुन्यांसोबतच उकळा.

साखर आणि बिलिरुबिन दोन्ही टीबार्समध्ये लुडबुड करतात. मधुमेहींच्या गटात टीबार्स जास्त आली म्हणून लगेच आनंदी होऊ नका, आधी ग्लुकोजच्या आकड्याशी ताडून बघा. शोधनिबंधात 'एमडीए' न लिहिता 'टीबार्स' लिहिणं जास्त प्रामाणिक. खरं एमडीए हवं असेल तर एचपीएलसीसारखी, घटक वेगळे करून मोजणारी पद्धत लागते.

जीएसएच

इथे घड्याळ सगळ्यात कडक. रक्त आम्लात पडेपर्यंत ग्लुटाथायोन ऑक्सिडाइज होत राहतं. ०.२ मिलिलिटर रक्त, १.८ मिलिलिटर पाणी, मग ३ मिलिलिटर अवक्षेपक, म्हणजे प्रथिनं खाली बसवणारं आम्लाचं द्रावण (१०० मिलिलिटरमध्ये मेटाफॉस्फॉरिक अ‍ॅसिड १.६७ ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए ०.२ ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम, फ्रिजमध्ये तीन आठवडे टिकतं). पाच मिनिटांनी गाळा. गाळून खाली आलेल्या १ मिलिलिटर द्रावात ४ मिलिलिटर ०.३ मोलर डायसोडियम फॉस्फेट आणि ०.५ मिलिलिटर डीटीएनबी (ग्लुटाथायोनशी पिवळा रंग देणारं रसायन, १ टक्का सोडियम सायट्रेटमध्ये १०० मिलिलिटरला ४० मिलिग्रॅम). पिवळा रंग चार मिनिटांच्या आत ४१२ नॅनोमीटरला वाचा. ब्लँक वजा करून आलेल्या आकड्याला १० ने गुणलं की अख्ख्या रक्तातलं जीएसएच साधारण मिलिमोलरमध्ये मिळतं. रुग्ण अ‍ॅनिमिक असेल तर हिमॅटोक्रिटने (रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणाने) भागल्याशिवाय तुलना करू नका.

आकडे मांडताना

पहिल्याच दिवशी काही निरोगी लोकांचा प्लाझ्मा एकत्र करून त्याचे छोटे भाग गोठवा. रोज त्यातला एक लावा. त्याचा आकडा हलला तर त्या दिवसाचं सगळं काम परत करायचं. केस आणि कंट्रोल एकाच दिवशी मिसळून लावा, 'आधी सगळे रुग्ण, मग सगळे निरोगी' नको. सुया पांढऱ्या डब्यात, सुई कापलेल्या व्हॅक्युटेनर ट्यूब लाल पिशवीत.

फ्रॅप वाचताना सर्वात जास्त फसगत होते. प्लाझ्माच्या फ्रॅपमध्ये सुमारे ६० टक्के वाटा एकट्या युरिक अ‍ॅसिडचा असतो, आणि ग्लुटाथायोन तर त्यात जवळपास मोजलंच जात नाही. युरिक अ‍ॅसिड डेसिलिटरला ५ मिलिग्रॅम असेल तर ते होतं ३०० मायक्रोमोलर, आणि फ्रॅपमध्ये ते दुप्पट मोजलं जात असल्याने त्याचे साधारण ६०० धरले जातात. ते ७ झालं की ८३० च्या आसपास. गाउट किंवा किडनीच्या रुग्णाची 'अँटिऑक्सिडंट क्षमता' उत्तम दिसते ती अशी. हेल्थ पॅकेजमध्ये हाच एक आकडा हिरव्या-लाल पट्टीवर छापून देणं आम्हाला पटत नाही. तक्त्यात फ्रॅपच्या शेजारी युरिक अ‍ॅसिडचा रकाना हवाच. नेहमीच्या युरिकेज किटवर तो त्याच हेपरिन प्लाझ्मातून निघतो, आणि फार तर २०-२५ मायक्रोलिटर नमुना लागतो.