नागपूरच्या गरमीत बर्फाचा अप्रकट उष्मा (१ ग्रॅम बर्फ ० अंशावरच वितळवायला लागणारी उष्णता) कसा मोजायचा
मार्चपासून आपल्याकडे लॅबच इतकी तापते की बर्फ तराजूवर ठेवेपर्यंत वितळून राहतो, म्हणून बर्फाचं वजन आधी करूच नका. तांब्याच्या कॅलरीमीटरमध्ये (उष्णता मोजायच्या भांड्यात) १५० ग्रॅम पाणी घ्या, रूमपेक्षा ६ अंश गरम, म्हणजे रूम ३२ तर पाणी ३८, आणि भांड्यासकट वजन लिहून ठेवा. मग बर्फाचे तुकडे टिपकागदानं एकदम कोरडे करून (हे खरंच महत्त्वाचं आहे!) एकेक टाका, ढवळत राहा, २६ ला थांबा. आधी आतली उष्णता बाहेर जाते नंतर बाहेरची आत येते, त्यामुळे बरीचशी चूक कटते. पुन्हा वजन करा, वाढलं तेवढा बर्फ, साधारण १८ ग्रॅम. पाणी आणि भांड्यानं दिलेल्या उष्णतेतून वितळलेलं पाणी ० वरून २६ पर्यंत तापायची उष्णता वजा करा, बर्फाच्या वजनानं भागा. ८० कॅलरी प्रति ग्रॅमच्या जवळ यायला पाहिजे. ७० आलं तर बहुतेक बर्फ ओलाच गेला, पुन्हा करा.